यंत्र मालकाचे, धूर कामगाराचा

कारखान्यात कोणते यंत्र यावे हा मालकाच्या तिजोरीचा प्रश्न आणि त्या यंत्रावर राबणाऱ्याला पगार किती मिळावा हा संघटनेचा प्रश्न, ही वाटणी कामगार चळवळीने इतक्या निमूटपणे मान्य केली आहे की, तिच्याविरुद्ध बोलणाराच आज विक्षिप्त ठरावा. महागाई भत्ता, बोनस, रजा, कायम करणे यांची मागणीपत्रके पानेच्या पाने भरतात. पण ज्या यंत्रापाशी कामगाराच्या आयुष्यातील जागेपणीचे निम्मे तास जातात, त्या यंत्राचे नावही त्या पानांत सापडत नाही. या मौनाची किंमत किती होते हे ज्याला पाहावयाचे असेल त्याने मोठ्या गिरण्यांकडे जाण्याचे कारण नाही. पिंपरी-चिंचवड, सातपूर, वाळूज, शिरोली, कुपवाड, हिंगणा यांपैकी कोणत्याही औद्योगिक वसाहतीत जावे आणि जिथे लोखंडाची किंवा स्टेनलेस स्टीलची प्लेट कापली जाते अशा एखाद्या पत्र्याच्या शेडमध्ये प्लाझ्मा कटिंगचे यंत्र चालताना तासभर उभे राहावे.

हे यंत्र वाईट आहे असे कोणी म्हणत असेल, तर त्याच्याशी सहमत होता येणार नाही. तांब्याच्या नोझलच्या बारीक छिद्रातून दाबाखालची हवा सोडायची, तिच्यातून विजेचा प्रवाह नेऊन ती 20,000 अंशांच्या आसपास तापवायची आणि त्या झोताने धातू वितळवून खाली उडवून द्यायचा, असे हे तत्त्व आहे. ऑक्सिजन आणि ॲसिटिलीनच्या ज्योतीने साधे लोखंड कापता येते, कारण लोखंडाचे भस्म लोखंडाच्या आधी वितळते. स्टेनलेस स्टीलच्या पृष्ठभागावर क्रोमियमचे जे भस्म होते ते वितळत नाही, ॲल्युमिनियमचेही तेच. म्हणून तिथे गॅस कटिंग हात टेकते. दूधसंघाची टाकी, साखर कारखान्याच्या रसाची वाहिनी, आसवनीतील पिंप ही कामे वर्षानुवर्षे करवतीने आणि ग्राइंडरच्या चकतीने रडतखडत होत असत, ती प्लाझ्माने काही मिनिटांत होऊ लागली. सहा मिलिमीटरच्या साध्या प्लेटवरही त्याचा वेग गॅसच्या चौपट-पाचपट पडतो, आणि उष्णता थोड्या जागेत राहिल्याने पत्रा फारसा वाकत नाही. शिवाय हे यंत्र एका माणसाने उचलून नेण्याजोगे आहे. डॉ. लोहियांनी 1952 च्या पंचमढीच्या अधिवेशनात ज्या छोट्या यंत्राचा आग्रह धरला, त्या वर्णनात ते आकाराने तरी चपखल बसते.

आकाराने तरी, असे म्हणण्याचे कारण आहे. छोट्या यंत्राचा विचार मांडला गेला तो यंत्र माणसाच्या हातात राहावे, माणूस यंत्राच्या हातात जाऊ नये म्हणून. यंत्राचे वजन 25 किलो आहे की 25 टन, यावरून हा प्रश्न सुटत नाही. ते कोणी निवडले, कशासाठी निवडले आणि निवडताना कोणाचा हिशेब धरला, यावरून तो सुटतो. प्लाझ्माच्या खरेदीत हिशेब धरला जातो तो यंत्राच्या किमतीचा आणि माहितीपत्रकावर छापलेल्या जाडीचा. बाकीचा सगळा खर्च कापणाऱ्या माणसाच्या अंगावर टाकून दिला जातो, आणि तो कोणत्याही वहीत मांडला जात नाही.

आधी त्या जाडीचेच पाहू. विक्रेता जेव्हा सांगतो की हे यंत्र 20 मिलिमीटर कापते, तेव्हा तो खोटे बोलत नसतो. तो तीन आकड्यांपैकी सोयीचा आकडा सांगत असतो. नामांकित उत्पादक आपल्या तक्त्यात हे तीन आकडे वेगळे देतात. मिनिटाला सुमारे 500 मिलिमीटर वेगाने जी जाडी स्वच्छ कापली जाते ती कामाची जाडी. त्याच्या निम्म्या वेगाने, म्हणजे 250 ने, जी जेमतेम कापली जाते ती कमाल जाडी. आणि 125 च्या रखडत्या वेगाने जी कशीबशी दोन तुकडे होऊन पडते ती केवळ तोडण्याची जाडी. प्लेटच्या कडेपासून सुरुवात न करता मध्येच भोक पाडून कापायचे असेल तर या साऱ्यांहून कमी जाडी धरावी लागते. स्वस्त यंत्राच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत बहुधा तिसरा आकडा असतो, आणि मालक त्याच आकड्यावर यंत्र घेतो; कारण त्याला दिसते ते एवढेच की तेवढीच जाडी सांगणारे दुसरे यंत्र दुप्पट महाग आहे.

या चुकीचा भुर्दंड कोण भरतो? रखडत्या वेगाने कापलेल्या प्लेटच्या खालच्या कडेला वितळलेल्या धातूचे जाड ओघळ चिकटून राहतात. ते छिन्नीने आणि ग्राइंडरने काढावे लागतात. फॅब्रिकेशनचे काम बहुतेक ठिकाणी टनाच्या किंवा किलोच्या दराने ठेक्यावर दिले जाते, आणि दर ठरतो तो तयार मालाचा. ओघळ घासण्याचा दर कोणत्याही ठेक्यात नसतो. म्हणजे यंत्रावर वाचवलेले पैसे मालकाच्या खिशात राहतात आणि ते वाचवल्यामुळे वाढलेले दिवसाचे दोन-तीन तास हेल्परच्या मनगटातून फुकट वसूल होतात. अर्थशास्त्राच्या पुस्तकांत शोषणाच्या व्याख्या पुष्कळ आहेत. त्या अभ्यासवर्गात शिकवणाऱ्या कार्यकर्त्याने एकदा हे ओघळ बोटाने चाचपून पाहावेत.

दुसरी गोष्ट ड्यूटी सायकलची. यंत्राच्या पाटीवर '60 अँपिअर, 40 टक्के' असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ, दर 10 मिनिटांत 4 मिनिटे कापावे आणि 6 मिनिटे यंत्राला थंड होऊ द्यावे. सतत कापायचे तर प्रवाह उतरवावा लागतो. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, या शाळेत शिकवल्या जाणाऱ्या नियमाने हिशेब केला, तर 60 अँपिअरचे म्हणून घेतलेले हे यंत्र सतत कामाला सुमारे 38 अँपिअरचे ठरते. त्यातही आंतरराष्ट्रीय मानकानुसार ही टक्केवारी भोवतालचे तापमान 40 अंश सेल्सिअस धरून दिलेली असावी लागते. बाजारातील कित्येक स्वस्त यंत्रे ती थंड देशांतल्या 20-25 अंशांवर काढून छापतात. नागपुरात मे महिन्यात सावलीतला पारा 45 अंशांवर जातो; हिंगण्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये तो कुठे असेल याचा अंदाज ज्याचा त्याने करावा. त्या शेडमध्ये यंत्र घटकाभरात तापते आणि आतला बचावाचा स्विच ते बंद पाडतो. मग काय होते? यंत्राचे वरचे झाकण काढून त्याच्यावर मोठा पंखा लावला जातो. झाकण काढलेल्या यंत्रात वीज उघडी असते, आणि धातूची बारीक पूड पंख्याच्या वाऱ्याने सरळ तिच्यावर जाऊन बसते. यंत्राला थंडाव्याचा हक्क आहे हे मालकालाही मान्य असते. त्या यंत्रामागे उभ्या असलेल्या माणसाच्या ड्यूटी सायकलची टक्केवारी मात्र कुठल्याच पाटीवर छापलेली नसते.

हवेचीही अशीच कथा आहे. प्लाझ्माला नुसती हवा चालत नाही, कोरडी आणि तेलविरहित हवा लागते. 60 अँपिअरच्या आसपासच्या यंत्राला मिनिटाला 170 ते 200 लिटर, 5 ते 6 बार दाबाने आणि अखंड. खरेदीच्या वेळी यंत्र येते, काँप्रेसर जुनाच राहतो आणि हवा सुकवणारे उपकरण 'पुढे बघू' म्हणून राहून जाते. कोकणात आणि मुंबईच्या पट्ट्यात पावसाळ्याचे चार महिने त्या काँप्रेसरच्या टाकीत अक्षरशः पाणी साचते. ते पाणी टॉर्चमध्ये गेले की इलेक्ट्रोडच्या टोकाला बसवलेला हाफ्नियमचा ठिपका झपाट्याने खड्डा पडून झिजतो, नोझलचे गोल छिद्र लांबट होते, काप तिरपा जाऊ लागतो. मग बोल लागतो तो कटरला: हात बसलेला नाही, नोझल जाळतो, पैशाची किंमत नाही. काही ठेकेदार जळलेल्या नोझलचे पैसे कामगाराच्या हिशेबातून कापतात. टाकीतले पाणी रोज सोडावे, भोक पाडताना टॉर्च तिरपी धरून मग उभी करावी म्हणजे उडालेला धातू नोझलमध्ये शिरत नाही, कापायचे नसताना हवेत ठिणगी पाडत बसू नये, झोत प्लेटच्या खालून किंचित मागे झुकलेला दिसेल असा वेग ठेवावा, या गोष्टी कामगाराने शिकल्याच पाहिजेत आणि चांगले कटर त्या शिकतातही. पण ओल्या हवेची चूक शिकून सुधारता येत नाही. ती खरेदीच्या बिलात झालेली असते.

विजेविषयी थोडक्यात. साध्या वेल्डिंगच्या यंत्रात ठिणगी पडण्यापूर्वीचा दाब 60 ते 80 व्होल्टांचा असतो, प्लाझ्मात तो सर्रास 200 ते 300 असतो. वेल्डिंगवर दहा वर्षे काढलेला माणूस ओल्या हातमोज्याने टॉर्च हाताळतो, कारण त्याच्या अनुभवात तो झटका सोसण्याजोगा होता. हा झटका तसा नाही. नोझलची टोपी काढली की वीज आपोआप तुटावी अशी सोय चांगल्या टॉर्चमध्ये असते. स्वस्त टॉर्चमध्ये ती नसते, किंवा वेळ वाचावा म्हणून तारेचा तुकडा जोडून ती निकामी केलेली असते. यंत्र पाहायला जाणाऱ्याने पहिल्या पाच मिनिटांत तपासावी अशी ही गोष्ट आहे. पण जो पाहायला जातो त्याला टोपी बदलावी लागणार नसते, आणि ज्याला ती दिवसातून दहादा बदलावी लागते त्याला पाहायला नेत नाहीत.

आता धुराकडे यावे लागते, आणि इथे शब्द जपून वापरण्याचे कारण उरत नाही.

प्लाझ्माच्या झोताने उडालेला सगळा धातू खाली पडत नाही. काही भाग वाफ होऊन वर येतो आणि थंड होताना इतक्या बारीक कणांत बदलतो की ते फुप्फुसाच्या तळापर्यंत पोचतात. हवेच्या झोतामुळे नायट्रोजनचे विषारी वायू होतात, प्रखर किरणांमुळे ओझोन होतो. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा कापला तर रात्री थंडी वाजून ताप भरतो आणि सकाळी उतरतो. तो मलेरिया नव्हे, हे पुष्कळ डॉक्टरांना कामगाराने सांगावे लागते. तेलकट प्लेट ट्रायक्लोरोएथिलीनसारख्या द्रावणाने पुसून ती न वाळवता शेजारी कापायला घेतली, तर फॉस्जीन तयार होऊ शकतो, जो पहिल्या महायुद्धात माणसे मारण्यासाठी वापरला गेला होता. आणि स्टेनलेस स्टील कापताना, म्हणजे ज्या कामासाठी हे यंत्र मुख्यतः घेतले जाते त्याच कामात, त्यातल्या क्रोमियमचा काही भाग षट्संयुजी रूपात धुरात येतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने षट्संयुजी क्रोमियमची संयुगे माणसाला निश्चित कर्करोगकारक म्हणून 1990 मध्ये नोंदवली. वेल्डिंगचा धूर 2017 मध्ये त्याच वर्गात टाकला. अमेरिकेने 2006 मध्ये कामाच्या जागेच्या हवेत या क्रोमियमची मर्यादा घनमीटरला 5 मायक्रोग्रॅम ठरवली. आपल्या कारखाना कायद्याला 1987 च्या दुरुस्तीने जोडलेल्या अनुसूचीत विद्राव्य क्रोमेटांसाठी 0.05 मिलिग्रॅम ही मर्यादा होती, म्हणजे 50 मायक्रोग्रॅम. एकाच धातूचा एकच धूर. एका देशातल्या कामगाराने जितका घ्यावा त्याच्या दहापट दुसऱ्या देशातल्या कामगाराने घेतला तरी कायद्याला चालत असे. आणि ही मर्यादा तरी मोजली कुणी? लहान शेडमध्ये हवेचा नमुना घेणारे यंत्र आल्याचे जुनेजाणते कटरही सांगणार नाहीत.

त्याऐवजी काय मिळते? गूळ मिळतो. धुळीच्या आणि धुराच्या कामावर गूळ वाटण्याची प्रथा या देशात इतकी रुजली आहे की, ती बंद झाली तर कामगारच तक्रार करतात. गूळ गोड असतो, उसाच्या पट्ट्यात स्वस्तही असतो; पण घशातून पोटात जाणारा गूळ श्वासनलिकेतून फुप्फुसात गेलेल्या क्रोमियमला कोठे गाठणार, याचे उत्तर आजवर कोणी दिलेले नाही. झोताच्या प्रकाशाने रात्री डोळ्यांत वाळू शिरल्यासारखी आग होऊ लागली, की बटाट्याच्या चकत्या ठेवल्या जातात. गूळ आणि बटाटा ही ज्या कारखान्याची सुरक्षा व्यवस्था आहे, त्या कारखान्याने दारावर 'सुरक्षा प्रथम' असा फलक लावू नये, एवढी तरी लाज असावी.

वास्तविक उपाय महागडे नाहीत. टेबलाखाली पाण्याची उथळ टाकी बांधली आणि प्लेट पाण्याच्या पातळीलगत ठेवून कापली, तर धुराचा मोठा भाग पाण्यातच राहतो, आवाजही उतरतो. ही टाकी तोच कारखाना उरलेल्या प्लेटमधून स्वतः बनवू शकतो. तिच्यावर ॲल्युमिनियम कापताना मात्र फार सांभाळावे लागते, कारण ॲल्युमिनियमच्या गाळापासून पाण्यात हायड्रोजन सुटतो, तो प्लेटखाली साचतो आणि स्फोट होतो. स्टेनलेसचा गाळ नाल्यात ओतायचा नसतो, तो धोकादायक कचरा म्हणून वेगळा द्यावा लागतो. हाताने कापण्याच्या कामात धूर उगमापाशीच ओढून घेणारे नळकांडे आणि पंखा बसवता येतो. हे न करता मागून मोठा पंखा लावणे म्हणजे कटरचा धूर हेल्परकडे पाठवणे होय. या पद्धतीत धूर कमी होत नाही, फक्त उतरंडीत खाली जातो. यंत्राच्या किमतीत धूर ओढण्याच्या सोयीची किंमत मिळवून मगच दोन यंत्रांची तुलना करावी, हा साधा व्यवहार आहे. मालक इमारतीचा खर्च काढताना छपराचा खर्च वगळून काढत नाही.

यावर ठरलेले उत्तर येते: कामगारच मास्क घालत नाहीत, त्याला मालक काय करणार? या उत्तरात एक अर्धसत्य आहे, म्हणून ते अधिक घातक आहे. कामगार मास्क घालत नाहीत हे खरे. पण त्यांना दिला जातो तो कापडाचा किंवा कागदाचा मास्क. तो ओझोन आणि नायट्रोजनचे वायू अडवत नाही, चेहऱ्याला नीट बसत नाही आणि 42 अंशांत तासाभरात घामाने भिजून तोंडाला चिकटतो. डोळ्यांसाठी गॅस कटिंगचे जुने काळे चष्मे पुढे केले जातात. त्यांची काच गॅसच्या ज्योतीसाठी 3 ते 6 क्रमांकाची असते. 80 अँपिअरच्या पुढच्या प्लाझ्माला 8 किंवा 9 क्रमांकाची लागते, आणि गाल व गळा जळू नये म्हणून चष्म्याऐवजी संपूर्ण चेहऱ्याची ढाल लागते. चुकीचे साधन द्यायचे, ते वापरणे अशक्य व्हावे अशा जागेत माणसाला उभे करायचे आणि मग त्याला अडाणी ठरवायचे, ही रीत नवी नाही. वैयक्तिक साधने ही शेवटची तटबंदी आहे. तिच्यापूर्वीच्या सगळ्या तटबंद्या ज्याने बांधल्याच नाहीत, त्याला शेवटच्या तटबंदीवरच्या शिपायाला दोष देण्याचा अधिकार नाही.

कायद्याची स्थिती पाहावी. प्लाझ्माच्या झोताने धातू कापण्याचे तंत्र जन्मले ते युनियन कार्बाइडच्या लिंडे विभागात. त्याचे पेटंट 1957 मध्ये मिळाले. त्याच युनियन कार्बाइडच्या भोपाळच्या कारखान्यात 1984 च्या डिसेंबरात जे घडले, त्यानंतर 1987 मध्ये कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली आणि कलम 7-ब आले. यंत्र बनवणाऱ्याने, आयात करणाऱ्याने आणि पुरवणाऱ्याने ते शक्य तितके सुरक्षित असल्याची खात्री करावी आणि सुरक्षित वापराची माहिती द्यावी, असे कर्तव्य त्या कलमाने घातले. हजारो माणसांच्या मरणातून मिळालेले हे कलम आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून कारखाना कायद्याची जागा घेणाऱ्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही पुरवठादाराचे हे कर्तव्य ठेवलेले आहे. पण त्याच संहितेने विजेवर चालणाऱ्या कारखान्याची व्याख्या 10 कामगारांवरून 20 वर नेली, आणि सुरक्षा समिती सक्तीची केली ती 500 कामगारांच्या कारखान्यात, धोकादायक प्रक्रिया असेल तर 250 च्या. प्लाझ्मा चालतो तो आठ, बारा, पंधरा माणसांच्या शेडमध्ये. जिथे धूर आहे तिथे समिती नाही, आणि समितीला जिथे खुर्च्या आहेत तिथे बहुधा यंत्रमानव कापतो. उद्योगसुलभता या गोंडस शब्दाचा अर्थ लहान कारखान्यातील कामगाराच्या भाषेत हा असा होतो.

नुकसानभरपाईचे तर बोलूच नये. क्रोमियममुळे होणारे रोग व्यवसायजन्य रोगांच्या अनुसूचीत आहेत. पण 1923 च्या कायद्याने या गटातील रोगांसाठी अट घातली ती त्या कामावर सलग 6 महिने असल्याची. ठेकेदार बदलला की हजेरीपट बदलतो, कित्येकदा हजेरीपटच नसतो. रोग उद्भवतो तो दहा-वीस वर्षांनी, तेव्हा बिहारच्या किंवा मराठवाड्याच्या गावी परतलेला हा माणूस शिरोलीतल्या कोणत्या शेडमध्ये कोणत्या साली काय कापत होता, हे सिद्ध करायला कोणाला बोलावणार?

येथवरचे आरोप मालकवर्गावरचे आणि सरकारवरचे झाले. ते करणे सोपे आहे, आणि या पानाच्या वाचकाला रुचतीलही. कठीण आहे तो चळवळीवरचा. यंत्र निवडणे हा व्यवस्थापनाचा अधिकार आहे, हे वाक्य मालकांच्या वकिलांनी लिहिले आणि कामगारांच्या पुढाऱ्यांनी पाठ केले. संघटनेत दोन प्रवृत्ती दिसतात. एक, नवे यंत्र म्हटले की माणसे कमी होणार, म्हणून त्याला विरोध. दुसरी, यंत्र आल्यावर वाढलेल्या उत्पादनात वाटा मागणे. पहिली प्रवृत्ती हरते, कारण करवतीने स्टेनलेस कापणारा कामगार स्वतःच ते यंत्र मागतो. दुसरी जिंकली तरी महिन्याला पाचशे-हजार रुपयांच्या वाढीत धूर विकून येते. कोणते यंत्र, किती क्षमतेचे, कोणत्या टॉर्चचे, धूर कोठे जाणार, हे विचारण्याची तिसरी वाट दोघींनाही सुचत नाही. कारण ते तांत्रिक आहे, आणि तांत्रिक गोष्टी मालकाच्या इंजिनिअरच्या असतात अशी समजूत आहे. वस्तुतः लहान शेडमध्ये इंजिनिअर नसतोच. तिथे प्लेट पाहून प्रवाह किती लावायचा, वेग किती धरायचा, नोझल केव्हा बदलायचे हे ठरवतो तो कटर. ज्याच्याकडे ज्ञान आहे त्याला मत नाही आणि ज्याच्याकडे मत आहे त्याला ज्ञान नाही, ही अवस्था संघटनेला बोचत नसेल तर तिने आपल्या नावातला 'कामगार' हा शब्द पुन्हा तपासावा.

कामगारांना यंत्रांचे निर्णय पेलत नाहीत, असे म्हणणाऱ्यांनी 1988 मधली मुंबईची कमानी ट्यूब्ज आठवावी. बंद पडलेला धातूनळ्यांचा तो कारखाना कामगारांच्या सहकारी संस्थेने ताब्यात घेतला आणि काही वर्षे चालवून दाखवला. पुढे तो प्रयोग अडचणीत आला, हे झाकण्याचे कारण नाही. पण यंत्रे समजली नाहीत म्हणून तो अडचणीत आला, असे त्याचे टीकाकारही म्हणत नाहीत. आणि प्लाझ्माच्या बाबतीत तर एक गंमत आहे. 1968 मध्ये स्थापन झालेली न्यू हॅम्पशायरची हायपरथर्म ही या यंत्रांच्या जगातील अग्रगण्य उत्पादकांपैकी एक कंपनी संपूर्णपणे आपल्या कर्मचाऱ्यांच्या मालकीची आहे. तो काही समाजवाद नव्हे. अमेरिकी करकायद्यातली ती एक सवलतीची योजना आहे. तरीही भांडवलशाहीच्या माहेरघरात ज्या यंत्राचे उत्पादक स्वतः कारखान्याचे भागीदार आहेत, ते यंत्र इथे वापरणाऱ्याला ते निवडण्यापुरताही शब्द नसावा, याची खंत समाजवाद्यांना वाटली पाहिजे.

तेव्हा पुढच्या मागणीपत्रकात महागाई भत्त्याच्या खाली ही कलमे जावीत. कापण्याचे यंत्र घेताना ते वापरणाऱ्यांपैकी निदान एकजण पाहणीला असावा आणि त्याच्या लेखी संमतीशिवाय खरेदी होऊ नये. यंत्राची जाडी कामाच्या वेगावर मोजावी. ड्यूटी सायकल 40 अंशांवर दिलेली नसेल ते यंत्र घेऊ नये. पंचवीस-तीस मिलिमीटरच्या पुढची साधी प्लेट रोज कापायची असेल तर तिथे गॅसच ठेवावा. मोठ्या प्लाझ्माची हौस करू नये. पाण्याचे टेबल किंवा धूर ओढण्याची सोय, हवा सुकवण्याचे उपकरण, चेहऱ्याची ढाल ही यंत्राच्याच बिलात यावीत. नोझलचा पैसा मजुरीतून कापला जाऊ नये, आणि ओघळ घासण्याच्या तासांना दर असावा. यंत्रासाठी सार्वजनिक पैशातून अनुदान किंवा सवलतीचे कर्ज दिले जात असेल, तर धुराची सोय दाखवल्याशिवाय त्याचा हप्ता सुटू नये. ही मागणी विधिमंडळातील प्रतिनिधींनी करावयाची आहे. सहकारी साखर कारखाने आणि दूधसंघ आपली स्टेनलेसची कामे बाहेर देतात. तिथे संचालक मंडळावर बसलेल्या पक्षाच्या कार्यकर्त्यांनी निविदेत हीच अट घालावी, त्यासाठी कोणत्याही कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही. स्टेनलेस कापणाऱ्या प्रत्येकाच्या नावाची, तारखांची आणि कामाची वही संघटनेने स्वतः ठेवावी, ठेकेदार कितीही बदलोत.

आणि यंत्राची चाचणी विक्रेत्याच्या दुकानात, त्याने आणलेल्या प्लेटवर, डिसेंबरच्या सकाळी होऊ नये. ती त्याच शेडमध्ये, रोजच्या कामाच्या प्लेटवर, मे महिन्यात दुपारी दोन वाजता, टॉर्च कटरच्या हातात देऊन व्हावी, आणि तो पुरा तास मालकाने शेजारी उभे राहावे.